जोकिची ताकामिने

जोकिची ताकामिने (३ नोव्हेंबर १८५४ – २२ जुलै १९२२) हे जपानी रसायनशास्त्रज्ञ व उद्योजक होते. अधिवृक्क ग्रंथींमधील अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक त्यांच्या न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेत स्फटिकरूपात वेगळे करण्यात आले. शुद्ध स्वरूपात मिळालेले हे पहिले संप्रेरक मानले जाते. तीव्र अ‍ॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात आजही हेच पहिले औषध म्हणून दिले जाते.

प्रारंभीचे जीवन

ताकामिने यांचा जन्म जपानमधील ताकाओका येथे झाला. त्यांचे वडील वैद्यकी करीत, तर आईचे माहेर तांदळापासून साके हे मद्य गाळणाऱ्या घराण्यातले होते. बालपण कानाझावा येथे गेले. परकीय भाषा शिकण्यासाठी त्यांना लहान वयातच नागासाकी येथे पाठविण्यात आले. तोक्यो येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १८७९ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे पुढील शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर ते कृषी व वाणिज्य खात्यात रुजू झाले. १८८४ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या प्रदर्शनासाठी ते जपानतर्फे गेले असता त्यांचा कॅरोलाइन हिच यांच्याशी परिचय झाला. १८८७ मध्ये त्यांचा विवाह झाला.

अमेरिकेतील कार्य

१८९० मध्ये ताकामिने सहकुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. साके तयार करताना तांदळावर वाढविल्या जाणाऱ्या 'कोजी' या बुरशीचा उपयोग व्हिस्कीच्या उत्पादनात करावा, असा त्यांचा प्रयत्न होता. त्यामुळे मोड आणलेल्या सातूची गरज उरणार नव्हती. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे हा प्रयोग सुरू झाला. परंतु सातूच्या व्यावसायिकांचा विरोध आणि कारखान्याला लागलेली आग यांमुळे तो फसला. त्याच बुरशीपासून त्यांनी पिष्टमय पदार्थ पचविणारे विकर मिळविले व १८९४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने ते 'टाकाडायस्टेज' या नावाने बाजारात आणले. या यशानंतर त्यांनी न्यूयॉर्क येथे स्वतःची प्रयोगशाळा उभारली.

अ‍ॅड्रेनलिनचा शोध

अधिवृक्क ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर या इंग्रज संशोधकांनी १८९०च्या दशकाच्या मध्यास दाखवून दिले होते. अर्कातील क्रियाशील द्रव्य शोधण्याची चढाओढ त्यानंतर सुरू झाली. बाल्टिमोर येथील जॉन जेकब एबल यांनी १८९७ मध्ये एक पदार्थ वेगळा करून त्याला 'एपिनेफ्रिन' हे नाव दिले. मात्र तो शुद्ध संप्रेरक नसून त्याचे एक संयुग होते. ताकामिने यांनी एबल यांच्या प्रयोगशाळेस भेट दिली होती.

१९०० च्या आरंभी केइझो उएनाका हे तरुण रसायनतज्ज्ञ ताकामिने यांना येऊन मिळाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उएनाका यांच्या हातून स्फटिक मिळाले. प्रत्यक्ष प्रयोगांचा क्रम त्यांच्या टिपणवहीत नोंदलेला आहे. पेटंट व १९०१ मधील शोधनिबंध मात्र एकट्या ताकामिने यांच्या नावे होते. त्यामुळे उएनाका यांचे नाव दीर्घकाळ मागे राहिले. पुढे १९०४ मध्ये फ्रीड्रिश श्टोल्झ यांनी जर्मनीत हे द्रव्य कृत्रिमरीत्या तयार केले.

नावाचा वाद

'अ‍ॅड्रेनलिन' हे पार्क-डेव्हिस कंपनीचे व्यापारी नाव असल्याने अमेरिकेत औषधाचे अधिकृत नाव 'एपिनेफ्रिन' ठरले. ब्रिटनमध्ये 'अ‍ॅड्रेनलिन' रूढ झाले. भारतातही कुप्यांवर हेच नाव आढळते. पेटंटविषयीच्या खटल्यात १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ते वैध ठरविले. निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाचे पेटंट घेता येते काय, या चर्चेत तो निकाल आजही अभ्यासला जातो.

वैद्यकीय उपयोग

फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये 'अ‍ॅनाफिलॅक्सिस'चे वर्णन केले. या अवस्थेत रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो, घशाला सूज येते व श्वासनलिका आकसतात. अ‍ॅड्रेनलिन या तिन्ही परिणामांना एकाच वेळी आवर घालते. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत टोचले जाते. प्रौढ व्यक्तीस सामान्यतः ०.५ मिलिग्रॅम, तर बालकांस वजनानुसार मात्रा देतात. विलंब झाल्यास मृत्यूचा धोका वाढतो. म्हणूनच रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी जागेवरच इंजेक्शन मिळणे निर्णायक ठरते. अमेरिकेत १९८७ पासून रुग्णाला स्वतः टोचता येईल असे साधन उपलब्ध झाले. भारतात ते सहज मिळत नसल्याने कुपी व सिरिंज यांवरच भिस्त असते.

लसीकरण सत्रांत अ‍ॅड्रेनलिनचा समावेश असलेला संच जवळ ठेवला जातो व प्रशिक्षित परिचारिका पहिली मात्रा देऊ शकते. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनविलेली सर्पदंशावरील लस देतानाही अ‍ॅलर्जीचा झटका येऊ शकतो, म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून तयार ठेवतात. ही लस मुंबईतील हाफकिन संस्थेच्या परंपरेशी निगडित आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा डॉक्टरांसह चालते. ठाणे जिल्ह्यातील दिव्यासारख्या दाट वस्तीच्या ठिकाणी, जेथून कळव्याचे महापालिका रुग्णालय गाठताना रेल्वे फाटक व गर्दी यांत वेळ जातो, तेथे जागेवर मिळणाऱ्या पहिल्या मात्रेचे महत्त्व अधिक आहे.

उत्तरायुष्य व वारसा

ताकामिने यांनी १९०५ मध्ये न्यूयॉर्क येथे निप्पॉन क्लबची स्थापना केली. १९१२ मध्ये वॉशिंग्टन येथे लावण्यात आलेल्या जपानी चेरीवृक्षांसाठी त्यांनी आर्थिक साहाय्य केले. १९१३ मध्ये ते सांक्यो या जपानी औषध कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले. मूलभूत संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था असावी, हा त्यांचा आग्रह १९१७ मध्ये 'रिकेन' संस्थेच्या रूपाने साकार झाला. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. तेथील वुडलॉन दफनभूमीत त्यांची समाधी आहे.