डिग्री नसलेला इंजिनिअर

बारामती सोडून इंदापूर तालुक्यात शिरलं की कळंबजवळ वालचंदनगर लागतं. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. सुरुवात रेल्वेच्या कॉन्ट्रॅक्टपासून. इथे त्यांनी जमीन घेतली, पण भाव वाढायची वाट बघत बसले नाहीत. कालव्याच्या पाण्यावर ऊस, १९३० च्या दशकात साखर कारखाना, मग कामगारांची घरं, शाळा. अख्खं गावच उभं राहिलं! १९५३ साली ते गेले. पुढे याच गावात इतर साखर कारखान्यांची यंत्रं, अगदी इस्रोच्या रॉकेटचे भागसुद्धा बनले. त्यांच्या घराण्याच्या देणगीनंतर १९५५ मध्ये सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. मित्रांनो, डिग्री नसलेल्या माणसाच्या नावाच्या कॉलेजातून आज दरवर्षी इंजिनिअर बाहेर पडतात!