श्रीसावता महाराज आणि मळ्याचे पाणी

सर्व संतांच्या पालख्या आषाढात पंढरीस येतात. अरणच्या सावता महाराजांची पालखी येत नाही. उलट आषाढ वद्यात खुद्द पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून निघते आणि माढा तालुक्यातील अरण गावी महाराजांच्या भेटीस जाते. हा उलटा क्रम वाचक सज्जनांना ठाऊक आहेच. त्याचे कारण सांगताना आम्ही कीर्तनकार मंडळी भक्तीचा महिमा भरपूर गातो आणि ते योग्यच आहे; परंतु त्या कारणात विहिरीचे पाणी किती मुरलेले आहे, हे मात्र राहून जाते. ते येथे सांगावे असा विचार आहे.

महाराजांचे घराणे माळ्याचे. आजोबा दैवू माळी हे औसे गावाहून अरणला येऊन राहिले. त्यांचे पुत्र परसोबा आणि सून नांगिताबाई. या दांपत्याच्या पोटी शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० साली महाराजांचा जन्म झाला. आजोबा आणि वडील दोघेही पंढरीचे वारकरी. भेंड गावच्या जनाबाईंशी महाराजांचा विवाह झाला. विठ्ठल आणि नागाताई ही त्यांची मुले. देवगिरीला यादवांचे राज्य होते, ज्ञानेश्वर महाराज आणि नामदेव महाराज त्याच काळातले. म्हणजे वारकऱ्याच्या घरी जन्म, पंढरी एवढी जवळ, संतांची अशी मांदियाळी भोवती. आणि हा पुरुष मळा सोडून जात नाही! का बरे?

त्याचे उत्तर अरणच्या आभाळात आहे. सोलापूरकडचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाकाठी पाऊस सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि त्यातही सर्वांत जास्त पडतो तो सप्टेंबरात. आषाढात कोकणात पन्हाळी वाहत असतात, तेव्हा इकडे नुसते ढग पळत असतात. मृगात पेरलेले वर आलेले, वारा सुटलेला, आणि विहिरीने उन्हाळ्यात तळ दाखवलेला. अशा वेळी जिरायतवाला आभाळाकडे बघत एकादशीला जाऊन येऊ शकतो. भाजीपाल्याच्या माळ्याला ते जमत नाही. मेथी, मुळा, कोथिंबीर यांची मुळे फार खोल जात नाहीत. चार दिवस पाणी चुकले की वाफा बसलाच. पांडुरंगाला ऐन ज्या दिवसांत भक्तांची गर्दी लागते, त्याच दिवसांत मळ्याला माळी लागतो. हे कोडे ज्याने रोज दारे धरून सोडवले, तो सावता माळी.

मोटेचे काम ज्यांनी पाहिले नाही अशी पिढी आता मोठी झाली आहे, म्हणून दोन शब्द. चामड्याची मोट विहिरीत सोडायची. बैलजोडी धावेवरून उताराने पुढे गेली की नाडा ताणला जातो, मोट वर येते, आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात पडते. तेथून पाटाने वाफ्यांत. बैल पुन्हा मागे यायचे, मोट पुन्हा खाली. दिवसभर हेच. अशा रीतीने आलेले पाणी कोण सांडील? पाटात गवत माजले तर पाणी अडते, पाटाला उंदराने बीळ केले तर अर्धे पाणी तेथेच गडप होते. म्हणून जाणता माळी आधी पाट साफ करतो, कड लिंपतो आणि मग मोट जुंपतो. आपल्या घरातला गळका नळ म्हणजे उंदराचे बीळच हो! नळाखाली रात्रभर तांब्या ठेवा आणि सकाळी किती भरला ते पाहा. वेगळे व्याख्यान नको.

महाराजांच्या अभंगांत विहीर, मोट, नाडा, कांदा, मुळा ही सगळी देवाचीच रूपे होऊन आली आहेत. (भाज्यांच्या त्या यादीत आपण मिरचीही गातो. मिरची पोर्तुगीज लोकांबरोबर सोळाव्या शतकात या देशी आली, तेव्हा ती गाणाऱ्यांच्या मुखातून मागाहून शिरली असावी. असो, तिखटाने अभंगाचा गोडवा कमी झालेला नाही.) ज्याला विहीर हीच पंढरी, त्याच्या हातून पाणी वाया जाणे हा नुसता तोटा नव्हे, देवाचा अनादर आहे. याचा अर्थ घरच्या माणसांना तो नेहमी कळला असे नव्हे. एकदा सासुरवाडीची माणसे घरी आली आणि महाराज भजनात दंग राहिले. जनाबाईंना राग आला. महाराजांनी मृदू शब्दांत त्यांची समजूत घातली, असे परंपरा सांगते. माहेरच्या माणसांसमोर पडलेली ती मान आम्हांला जनाबाईंच्या बाजूनेही समजते.

दुसरी कथा सर्वांच्या पाठातली. पांडुरंग हे ज्ञानदेव-नामदेवांसह कूर्मदासाच्या भेटीस निघाले. वाटेत अरण लागले, तेव्हा देव त्या दोघांना मागे ठेवून सावता महाराजांच्या मळ्यात आले आणि मला लपव म्हणू लागले. महाराजांनी हातातल्या खुरप्याने आपले पोट चिरून देवाला आत ठेवले. नामदेव महाराज व्याकूळ होऊन शोधीत फिरले. कथा येथे रंगते, टाळ्या पडतात. आमचे लक्ष मात्र त्या खुरप्याकडे जाते. देव आले तेव्हा महाराजांच्या हातात वीणा नव्हती, खुरपे होते. म्हणजे निंदणी चालली होती. आणि खुरपे हे केवळ तण काढण्याचे हत्यार नव्हे, ते पाणी राखण्याचे हत्यार आहे. काळ्या जमिनीला पाणी दिल्यावर वर पापडी धरते, मग भेगा पडतात, आणि त्या भेगांतून खालची ओल वाऱ्यावर जाते. वरची बोटभर माती हलवून भुसभुशीत केली की भेग बुजते, ओल आत राहते. तण काढले की पाण्याचा चोरही गेला. त्यावर पाचोळा, उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले पसरली तर ऊन मातीला थेट लागत नाही. दुष्काळात परसबागेला पहिले पाणी खुरप्याने द्यावे, घागरीने नंतर.

पाणी केव्हा द्यावे याविषयी आमच्या शास्त्रकारांनीही मौन धरलेले नाही. वराहमिहिरांनी सहाव्या शतकात बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय घातला आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच पाणी द्यावे, असा त्यांचा निर्णय आहे. भर दुपारी नळी धरून झाडे भिजविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

१९७२ सालचा दुष्काळ आम्ही लहानपणी पाहिला. घरात पाणी दोनदा वापरल्याशिवाय बाहेर जात नसे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी एका घंगाळात साठे आणि तेच भाजीच्या वाफ्याला जाई. आंघोळीचे पाणी केळी आणि कर्दळीच्या बुंध्याशी. पण सोड्याचे, फार साबणाचे पाणी पालेभाजीला आई कधी घालू देत नसे, आणि ते बरोबरच होते. पाहुण्याला पेला अर्धाच भरून देत, हवे तर पुन्हा मागावे. त्यात कंजूषपणा कोणाला वाटला नाही. आणखी एक गोष्ट आठवते. पाणी कमी झाले तेव्हा सगळ्या वाफ्यांना थोडे थोडे न देता कडेचे वाफे चक्क सोडून दिले आणि विहिरीजवळचे दोनच राखले. सगळ्यांचे अर्धे पोट भरण्यापेक्षा दोघे जगले. मन घट्ट करावे लागते खरे. पालक आणि अळू आधी सोडावे, ते फार पाणी पितात. गवार आणि शेवगा तग धरतात.

छपराचे पाणीही मोजून पाहावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब पत्र्यावर २५ मिलिमीटरची एक सर आली तर साडेचारशे लिटरांच्या वर पाणी होते. गळती-उडती वजा जाऊन साडेतीनशे लिटर तरी पिंपात यावे. पहिली सर धुळीची, ती सोडून द्यावी. पिंपाचे तोंड कापडाने बांधावे, नाहीतर डासांची वस्ती होईल.

आता वारीला जाणाऱ्यांसाठी. वैशाखात शंकराच्या पिंडीवर आणि तुळशीवर गळती बांधण्याची आपली जुनी चाल आहे. संस्कृतात तिला गलन्तिका म्हणतात. मडक्याच्या बुडाला बारीक भोक, त्यात सुताची वात, थेंब थेंब पाणी. शेतात आज नळ्यांनी थेंब थेंब पाणी देतात, त्याची ही थोरली बहीण समजा. वेलांसाठी दुसरी युक्ती. भाजलेल्या मातीचे, झिलई नसलेले मडके वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरून वर झाकण ठेवावे. माती जसजशी सुकते तसतसे मडक्यातून पाणी पाझरते. माती ओली असेल तर पाझर मंदावतो. दुधी, दोडका यावर चांगला जगतो. पण आळंदीहून पंढरीची वाट जवळजवळ तीन आठवड्यांची, आणि मडके काही तितके दिवस पुरत नाही. तीन-चार दिवसांनी ते भरायला घरी कोणीतरी लागतेच.

आणि येथेच आमचे मुख्य म्हणणे आहे. दर घरी कोणीतरी मागे राहते. सून राहते, गुडघे दुखणारी आजी राहते, विहिरीच्या पाळीवर असलेला भाऊ राहतो. दिंडी वेशीबाहेर पडली की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि कधी कधी परत आलेली मंडळी त्यांना दोन पायऱ्या खालची समजतात. हे आम्हांला पटत नाही. अशांचा कैवारी अरणला आहे. देव त्याला भेटायला मळ्यात आले, तेव्हा त्याने हातातले काम टाकले नव्हते.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि माढ्याकडे उसाचे फड उभे राहिले. तरी २०१२-१३ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. धरण झाले म्हणून आभाळ बदलत नाही.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशी, इ. स. १२९५ रोजी महाराज अरण येथेच समाधिस्थ झाले. वय अवघे पंचेचाळीस. पुढच्याच वर्षी आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली आणि देवगिरीवर अल्लाउद्दीन चालून आला. महाराजांची समाधी मळ्याच्या त्याच मातीत आहे. पुण्यतिथीच्या उत्सवात तेथे श्रीफळांची हंडी फुटते. त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले, त्यांतील ३७ आज आपल्या हाती आहेत.