नाच्या

विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचायला लाजणारा मुलगा मी अजून आपल्या हॉस्टेलवर पाहिलेला नाही. ढोल वाजला की जर्नल, सबमिशन सगळं राहिलं बाजूला, अख्खी विंग खाली! पण त्यातलाच एखादा म्हणाला की मी आठवड्यातून तीन दिवस वाशीला नाच शिकायला जातो, तर? मिरवणुकीत नाचला तर पोरगा भारी आणि क्लासला जाऊन शिकला तर बायल्या! मी स्वतः लोकनृत्य शिकतो, तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत. माझ्या एका नातेवाईकांना तर आत्तापासून काळजी लागली आहे, की याला मुलगी कोण देणार?

ही काळजी ऐकली की मला गणपत पाटील आठवतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे तमाशा वगैरे काही माहीत नव्हतं. ओळख झाली ती आजीबरोबर टीव्हीवर जुने मराठी चित्रपट बघताना. फडात बाईच्या बाजूला उभा राहून मान वेळावणारा, मनगट वळवणारा, लाडिक बोलणारा तो नाच्या बघून आम्ही भावंडं खूप हसायचो. तो माणूस खरा कोण होता, हे नंतर वाचलं.

गणपत पाटील कोल्हापूरचे. घरची गरिबी, त्यात वडील लहानपणीच गेले. मोलमजुरी करून, कधी फुलं तर कधी खाण्याचे पदार्थ विकून त्यांनी घराला हातभार लावला. हौस मात्र अभिनयाची. गणेशोत्सवात तेव्हा मेळे असायचे, त्यांत ते कामं करत. पुढे राजा गोसावींशी ओळख झाली आणि मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये शिरकाव झाला. पण कॅमेऱ्यासमोर नाही हं! तिथे त्यांनी सुतारकाम केलं, रंगभूषेला मदत केली. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये एक जॉइंट बसवताना आपल्या नाकी नऊ येतात, या माणसाने पोटासाठी रंधा चालवला. मग हळूहळू चित्रपटांत छोट्या भूमिका मिळू लागल्या.

आता गंमत बघा. कोल्हापूरला जयशंकर दानवे यांच्या नाटकांत हेच गणपत पाटील खलनायक रंगवत होते. नाच्याची भूमिका त्यांच्याकडे नंतर आली, 'जाळीमंदी पिकली करवंदं' या नाटकात. ती लोकांना इतकी आवडली की 'वाघ्या मुरळी' चित्रपटात ते नाच्या म्हणूनच पडद्यावर आले. तिथून पुढे तमाशाचा चित्रपट म्हटला की नाच्या गणपत पाटीलच, असं समीकरण होऊन बसलं.

खरं तर नाच्या ही काही चित्रपटवाल्यांनी काढलेली टूम नव्हे. जुन्या तमाशात बायका नाचतच नसत. मुलगेच लुगडं नेसून नाचायचे, त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. पुढे स्त्रिया बोर्डावर आल्या आणि नाच्याकडे हसवण्याचं काम उरलं. नाटकाचंही तेच. वाशीच्या ज्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचं नाव आहे, त्या भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत होते. बालगंधर्वांनी स्टेजवर नेसलेल्या साडीची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत, आणि १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हणजे पुरुषाने बाईसारखं चालणं, लाजणं यात महाराष्ट्राला कधीच अडचण नव्हती! अडचण फडातल्या माणसाची होती. शालू नेसून नाट्यपद गायलं की कला, आणि ढोलकीवर कंबर लचकवली की टिंगल.

ही टिंगल गणपत पाटलांच्या बाबतीत थिएटरात थांबली नाही, ती त्यांच्या घरापर्यंत गेली. हा माणूस खऱ्या आयुष्यातही तसाच असणार, असं लोकांनी धरून चालायला सुरुवात केली. त्यांना बायको होती, मुलंबाळं होती, चारचौघांसारखा संसार होता. तरी घरच्यांना टोमणे ऐकावे लागले. मुलांच्या लग्नाच्या बोलण्यांतही बापाची भूमिका आडवी येऊ लागली. विचार करा, याच माणसाने खलनायकही केला होता. पण त्याने खरंच कुणाचा खून केला असेल, म्हणून कुणी सोयरीक मोडली नसती. खलनायकाचा अभिनय लोकांना अभिनय वाटतो, नाच्याचा मात्र स्वभाव वाटतो!

आणि समजा तो स्वभाव असता, तरी काय बिघडलं असतं? चालण्याबोलण्यात मऊपणा असणं हा काही गुन्हा नाही. आपल्याही बॅचमध्ये अशी मुलं आहेत आणि त्यांना काय ऐकावं लागतं ते आपण सगळे जाणतो.

२३ मार्च २००८ रोजी गणपत पाटील गेले. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, रवी जाधव यांचा 'नटरंग' आला. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट गणपत पाटलांच्या आयुष्यावर नाही. पण कुस्ती खेळणारा गुणा नाच्या होतो आणि गाव त्याचं काय करतं, हे बघून सगळ्यांचे डोळे ओले झाले. हेच डोळे थोडे आधी ओले झाले असते तर त्या म्हाताऱ्या कलावंताला आणि त्याच्या मुलाबाळांना किती बरं वाटलं असतं!

असो. येत्या गॅदरिंगला आमचा ग्रुप लावणी करतोय आणि त्यात चार मुलगे आहेत. सहा आठवडे रोज दोन तास प्रॅक्टिस चालू आहे, घोटे सुजलेत. शिट्ट्या जरूर मारा, हसायच्या जागी पोट धरून हसा, काम फसलं तर तसं तोंडावर सांगा. फक्त कार्यक्रम संपला की त्या चौघांना त्यांच्या नावाने हाक मारा. एवढंच!