टोपलीतून विश्वात

बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ हे अखेरपर्यंत वृत्तीने शिक्षकच राहिले. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑल्मॉन्टजवळ त्यांचा जन्म झाला. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपल्याने मामांनी त्यांचा सांभाळ केला. धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊनही ते क्रीडाशिक्षणाकडे वळले. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे, हिवाळ्यातील कवायतीला कंटाळलेल्या १८ विद्यार्थ्यांसाठी त्यांनी व्यायामशाळेत पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, १३ नियम लिहिले आणि नवा खेळ जन्माला आला.

१८९४ मध्ये मॉड शर्मन यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. या दाम्पत्यास पाच अपत्ये झाली. १८९८ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून ते कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले आणि लॉरेन्स या छोट्या गावात सहकुटुंब स्थिरावले. तेथे प्रशिक्षक म्हणून त्यांना ५५ विजय मिळाले, तर ६० पराभव पत्करावे लागले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत जयापेक्षा पराजय अधिक असणारे ते एकटेच! मात्र खेळ हे त्यांच्या लेखी शील घडविण्याचे साधन होते. त्यांचेच शिष्य फॉग अ‍ॅलन यांनी १९५२ मध्ये याच विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

नेस्मिथ यांनी खेळाचे पेटंट घेतले नाही, त्यातून संपत्तीही जोडली नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रवेश त्यांनी याचि डोळा पाहिला. त्या प्रवासाचा खर्च क्रीडाप्रेमींच्या वर्गणीतून झाला होता. पुढील वर्षी पत्नीचे निधन झाले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथेच या शिक्षकाने जगाचा निरोप घेतला.