फ्लोराचा वैमानिक

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा धाकटा मुलगा क्वेंटिन. जन्म १९ नोव्हेंबर १८९७. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा तो हार्वर्डला शिकत होता. फ्लोरा व्हिटनी या गर्भश्रीमंत घरच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले आणि जुलै १९१७ मध्ये तो बोटीने फ्रान्सला निघाला.

वैमानिक म्हटला की आम्हाला आकाशच आठवते. क्वेंटिनच्या वाट्याला आधी चिखल आला! इसूदाँच्या प्रशिक्षण तळावर चाकांनी उडवलेल्या चिखलाने विमानांचे पंखे मोडत. त्यातच सामानसुमान आणि मालमोटारींचे काम त्याच्या गळ्यात पडले. (भांडार सांभाळणे म्हणजे काय, हे आम्हा सरकारी नोकरांना सांगायला नको.) हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. फ्लोराला पत्रे जाईनाशी झाली. तेव्हा वडिलांनी समुद्रापलीकडून कान उपटले, की मुलगी गमवायची नसेल तर तिला वरचेवर आणि मनापासून लिहीत जा. राष्ट्राध्यक्षपद भोगलेला माणूसही शेवटी बापच!

फ्लोराने फ्रान्सला जाऊन लग्न करावे असेही घाटत होते. सरकारने परवानगी दिली नाही. तिथे माजी राष्ट्राध्यक्षांचा शब्दही चालला नाही.

जून १९१८ मध्ये क्वेंटिन आघाडीवर, ९५व्या तुकडीत गेला. १० जुलैला त्याने पहिले जर्मन विमान पाडले. चारच दिवसांनी शामेरी गावाजवळ तो स्वतः पडला. वय अवघे वीस. जर्मनांनी त्याला लष्करी मानाने पुरले. वडील पुढे सहा महिनेही जगले नाहीत. फ्लोराचे लग्न १९२० मध्ये झाले.