बेळगावच्या सायकल दुकानातून निघालेला नांगर

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावाने महाराष्ट्राला दोन किर्लोस्कर दिले. १८४३ साली तेथे जन्मलेल्या अण्णासाहेबांनी मराठी संगीत रंगभूमी उभी केली. त्यांचे नाव गोमंतकीय नाट्यरसिकांना निराळे सांगावयास नको. दुसरे लक्ष्मणराव. त्यांचा जन्म २० जून १८६९ चा. त्यांनी रंगभूमीऐवजी शेतकऱ्याच्या बांधावर आपले प्रयोग लावले आणि आरंभी त्या प्रयोगांना प्रेक्षक मिळाला नाही. कन्नड मुलखात वसलेल्या या मराठी घराण्यात वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. अशा घरातील मुलाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमले नाही. त्याला चित्रे आणि यंत्रे या दोनच गोष्टींचे वेड होते.

चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षांनी एक विलक्षण अडचण समोर आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नव्हता. रंगांधळ्या माणसाला चित्रकार होता येत नाही. मात्र यंत्राच्या रेखाचित्राला रंग लागत नाहीत; तेथे रेषा, माप आणि प्रमाण पुरते. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. संस्थेच्या कर्मशाळेत त्यांनी यंत्रे खोलून पाहिली, जोडली आणि हाताने चालविली. त्यांचे खरे शिक्षण ते हेच.

त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, त्या विकत व गिऱ्हाइकाला चालवावयासही शिकवीत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली स्थापना १८८८ सालची मानतो ती या सायकल व्यवसायामुळे. ज्या रस्त्यावर हे दुकान होते तो बेळगावात आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो. खरेदीसाठी बेळगावी जाणारे गोमंतकीय त्या रस्त्यावरून कितीदा तरी गेले असतील. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलण्यात आले. त्यांनी नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावास आले.

दुकानाच्या जोडीला त्यांनी एक लहानसा कारखाना काढला. तेथील पहिली महत्त्वाची वस्तू म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. अखंड कडबा गुरांपुढे टाकला तर ती पाला खातात आणि जाड बुंधे तुडवून टाकतात. बारीक कुट्टी केली तर नासाडी थांबते. या यंत्राचा उपयोग डोळ्यांना लगेच दिसत असल्यामुळे ते पटवून देणे तुलनेने सोपे होते. नांगराचे तसे नव्हते.

आपल्याकडील परंपरागत नांगर लाकडाचा. गावचा सुतार तो घडवी, लोहार त्याला लोखंडी फाळ बसवी आणि दोघांनाही मोबदला सुगीच्या वेळी धान्यात, बलुत्याच्या रूपाने मिळे. हा नांगर जमिनीला चर पाडतो, पण माती उलटवीत नाही. बेळगाव, चिकोडी, निपाणीपासून कृष्णाकाठापर्यंतच्या काळ्या, चिकट रानांत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर जातात; ती लाकडी नांगराला दाद देत नाहीत. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वक्र पत्रा असतो. फाळाने कापलेला मातीचा थर त्या वक्रतेवरून चढतो आणि पालथा पडतो. गवताची मुळे उन्हात येऊन वाळतात आणि खालची माती वर येते. परदेशी बनावटीचे असे नांगर येथे येत असत. लक्ष्मणरावांनी तो नांगर येथेच ओतावयाचे ठरविले.

ओतकामाची रीत ऐकावयास सोपी वाटते. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावयाचा, तो ओलसर वाळूत दाबून पोकळी तयार करावयाची आणि भट्टीत कोळशाच्या आचेवर वितळलेले कच्चे लोखंड त्या पोकळीत सोडावयाचे. निवल्यावर जे हाती येते त्याला आपल्याकडे बीड म्हणतात. कस लागतो तो फाळाच्या बाबतीत. बीड मऊ राहिले तर फाळ चार दिवसांत झिजतो. फार कडक झाले तर पहिल्याच दगडावर तुटतो. त्यासाठी साच्यात फाळाच्या टोकापाशी वाळूऐवजी थंड लोखंड ठेवण्याची युक्ती योजतात. रस तेथे झटकन गोठतो आणि तेवढाच भाग कठीण होतो, बाकीचा चिवट राहतो.

नांगर तयार झाले, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडामुळे जमिनीला विष होते, काळी आई नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली. चरित्रलेखक या समजाला सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. मला ते तितकेसे पटत नाही. लोखंडी नांगर ओढावयास बैलांच्या अधिक जोड्या लागत. तो मोडला तर गावच्या सुतार-लोहाराला दुरुस्त करता येईलच असे नव्हते, आणि त्याची किंमत धान्यात नव्हे, रोख रुपयांत द्यावी लागे. एका हंगामाची चूक ज्याला वर्षभर उपाशी ठेवू शकते, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहावे यात नवल ते काय? लक्ष्मणरावांनीही वाद घातला नाही. एका शेतात उलटलेली माती आणि तिच्यात आलेले पीक शेजाऱ्याच्या नजरेस पडले की बाकीचे काम आपोआप होई.

जम बसू लागला आणि नवे संकट आले. बेळगाव नगरपालिकेच्या विस्ताराच्या योजनेत कारखान्याची जागा गेली आणि १९१० च्या आरंभी लक्ष्मणरावांवर यंत्रांसह बाहेर पडण्याची पाळी आली. या वेळी औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. हे संस्थानिक स्वतः चित्रकार होते, हा योग मोठा मजेदार आहे. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने व्यापलेला आणि सापांनी भरलेला माळ होता. पण शेजारून पुण्याहून मिरज, बेळगाव करीत लोंढ्याकडे जाणारी लोहमार्गाची मीटर गेज वाट होती. तिचाच फाटा लोंढ्याहून आपल्या मुरगाव बंदरापर्यंत येतो. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

कारखान्यात शंभूराव जांभेकरांचा हात यंत्रावर, तर वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे. येथे अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या, पूर्वी दरोडेखोर म्हणून ज्यांची दहशत होती अशा माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे काम दिले, आणि त्या विश्वासाला तडा गेला नाही.

पहिल्या महायुद्धाने परदेशी नांगरांची आवक थांबविली. मागणी वाढली, पण कच्चे लोखंड आणि कोळसा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील निकामी तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, अशी हकीकत या भागात अजून सांगितली जाते. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप आले. लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी चरक आला तेव्हा गुऱ्हाळांचे रूपच पालटले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याचे वृत्त देणारे ‘किर्लोस्कर खबर’ काढले. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडले आणि १९३० पासून ‘स्त्री’. माळावरचा एक नांगराचा कारखाना मराठी घरांत वाचावयाची मासिके पोहोचवितो, असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

पुढची पिढी तयार होतीच. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून यंत्रविद्या शिकून आले आणि १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना उभा राहिला. बेळगावने एक कारखाना गमावला खरा, पण ओतकाम गमावले नाही. उद्यमबाग आणि परिसरातील फाउंड्रींत आजही पंपांचे आणि वाहनांचे बिडाचे भाग ओतले जातात.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. गुर्लहोसूर आणि किर्लोस्कर रोड सीमेच्या एका बाजूस राहिले, किर्लोस्करवाडी दुसऱ्या बाजूस, आता सांगली जिल्ह्यात. कुंडल रोड स्थानकाच्या फलकावर मात्र किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.