एव्हरेस्टवर हरवलेल्या सँडी आयर्विनच्या नावावर एक विजय मात्र पक्का आहे, तो म्हणजे बोट रेसचा

सप्टेंबर २०२४. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, म्हणजे तिबेटकडच्या अंगाला, मध्य रोंगबुक नावाची हिमनदी आहे. तिथे फिरणाऱ्या एका डॉक्युमेंटरी टीमला बर्फातून बाहेर आलेला एक जुना चामडी बूट दिसला. बुटात पाऊल होतं, पावलावर लोकरीचा मोजा होता आणि मोज्यावर लाल दोऱ्याने शिवलेलं नाव होतं. ए. सी. आयर्विन.

पुढे डीएनए चाचणी झाली, घरच्यांशी नमुना जुळला आणि शंभर वर्षांपूर्वी हरवलेल्या एका पोराचा पहिल्यांदा पत्ता लागला. अँड्र्यू कोमिन आयर्विन, घरचे आणि मित्र म्हणायचे सँडी. हरवला तेव्हा वय होतं अवघं २२ वर्षं.

बातमी आली तसा जुना प्रश्न पुन्हा सोशल मीडियावर फिरायला लागला. हिलरी आणि तेनझिंग यांच्या २९ वर्षं आधी, १९२४ सालीच जॉर्ज मॅलरी आणि सँडी आयर्विन एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले होते का?

याचं उत्तर आजही कुणाकडे नाही. पण विषय असा आहे की, गिर्यारोहक म्हणून जगाला माहीत असलेला हा सँडी मुळात गिर्यारोहक नव्हताच. एव्हरेस्टला जाण्याआधी त्याची ओळख होती ती वल्हं मारणारा गडी म्हणून. आणि ती ओळख त्याला दिली होती जगातल्या सगळ्यात गाजलेल्या कॉलेजच्या रोइंग स्पर्धेने.

ती स्पर्धा म्हणजे ऑक्सफर्ड विरुद्ध केंब्रिज. जग तिला नुसतं बोट रेस म्हणतं.

आधी या रेसची गोष्ट थोडक्यात बघू, म्हणजे सँडीने काय करून दाखवलं ते कळेल.

हॅरो नावाच्या शाळेत दोन मित्र होते. एक चार्ल्स वर्ड्सवर्थ, प्रसिद्ध कवी विल्यम वर्ड्सवर्थ यांचा पुतण्या. दुसरा चार्ल्स मेरिव्हेल. शाळा संपली, वर्ड्सवर्थ ऑक्सफर्डला गेला आणि मेरिव्हेल केंब्रिजला. कॉलेजं वेगळी झाली, पण दोस्ती आणि खुन्नस दोन्ही टिकली. दोघांनी ठरवलं की आपापल्या विद्यापीठाची आठ-आठ पोरं बोटीत बसवायची आणि कोण भारी ते एकदाच काय ते बघायचं. केंब्रिजने ऑक्सफर्डला रीतसर आव्हान पाठवलं आणि १० जून १८२९ या दिवशी हेन्ली गावाजवळ थेम्स नदीवर पहिली रेस झाली. ऑक्सफर्डने ती आरामात जिंकली.

पुढची रेस व्हायला १८३६ साल उजाडलं, आणि ती लंडनमध्ये झाली. अधूनमधून होत होत १८५६ पासून ती दरवर्षी व्हायला लागली. त्यानंतर खंड पडला तो दोन महायुद्धांत आणि २०२० साली कोरोनात.

रेसचा नेहमीचा मार्ग लंडनमधला, पटनी ते मॉर्टलेक. अंतर ६.८ किलोमीटर. बोटीत आठ वल्हेकरी आणि त्यांच्याकडे तोंड करून बसलेला एक कॉक्स. वल्हेकरी पाठमोरे बसतात, त्यामुळे पुढे काय आहे ते त्यांना दिसत नाही. बोट कुठे वळवायची, जोर कधी वाढवायचा, हे कॉक्सने बघायचं. इथे थेम्सला समुद्राच्या भरती-ओहोटीचं पाणी येतं, म्हणून रेस भरतीची वेळ बघून लावतात आणि आत येणाऱ्या पाण्यासोबत नदीच्या वरच्या दिशेला बोटी जातात. वारा उलटा असेल तर लाटा उसळतात आणि बोटीत पाणी शिरतं. १९१२ साली तर दोन्ही बोटी बुडाल्या होत्या आणि रेस दोन दिवसांनी पुन्हा घ्यावी लागली होती.

यात बक्षिसाचे पैसे नाहीत. हरलेल्याने पुढच्या वर्षी जिंकलेल्याला आव्हान द्यायचं, एवढाच नियम. तरीही काठावर लाखोंची गर्दी व्हायची. या रेसमध्ये जो उतरला तो ब्लू झाला, आणि ब्लू ही बिरुदावली आयुष्यभर नावाला चिकटून राहायची.

आता येऊ सँडीकडे.

त्याचा जन्म ८ एप्रिल १९०२ चा, लिव्हरपूलच्या समोर असलेल्या बर्कनहेड गावचा. गोरापान, सोनेरी केसांचा, म्हणून तर सँडी. श्रूजबरी शाळेत शिकायला होता. अभ्यासात ठीकठाक, पण यंत्र दिसलं की ते उघडून बघितल्याशिवाय झोप नाही अशातला कार्यकर्ता. पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा या शाळकरी पोराने विमानाच्या फिरत्या पंख्याला धक्का न लावता त्यातून मशीनगनच्या गोळ्या कशा झाडता येतील, याचं डिझाइन काढून थेट युद्ध खात्याला धाडलं होतं. तसं यंत्र तोवर आधीच बनलेलं होतं, पण पोरगं काय डोक्याचं आहे ते अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं.

शाळेतच त्याच्या हातात वल्हं आलं. १९१९ साली युद्ध संपल्यावर हेन्लीला मोठी रेगाटा भरली. त्यात शाळांसाठीचा एल्सेनहॅम कप श्रूजबरीने जिंकला आणि त्या बोटीत सँडी होता.

त्याच साली आणखी एक किस्सा घडला. वेल्समधल्या एका डोंगरावर नोएल ओडेल नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ बायकोसोबत चढाई करत होता. एवढ्यात त्या डोंगरमाथ्यावर चक्क मोटरसायकल घेऊन एक पोरगा आला आणि खाली उतरायचा रस्ता विचारून निघून गेला. तो पोरगा म्हणजे सँडी. हे दोघांना एकमेकांबद्दल कळलं चार वर्षांनी. आणि या ओडेलमुळेच सँडीचं आयुष्य पुढे वेगळ्या वाटेला लागलं.

शाळेनंतर सँडी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि लवकरच विद्यापीठाच्या मुख्य बोटीत जाऊन बसला. पण तेव्हा ऑक्सफर्डची हालत बेकार होती. शेवटची बोट रेस त्यांनी जिंकली होती १९१३ साली. १९१४ ला केंब्रिज जिंकलं, मग युद्धामुळे रेस बंद, आणि १९२० ला पुन्हा सुरू झाल्यापासून परत केंब्रिजच.

१९२२ ला सँडी पहिल्यांदा बोट रेसमध्ये उतरला. केंब्रिजने ऑक्सफर्डला साडेचार बोटींच्या अंतराने धुतलं.

आता कल्पना करा. सहा-सहा महिने थंडीत सराव करायचा, आणि वीस मिनिटांत समोरची बोट लांब जाताना बघायची. तीही शहरभर लोकांसमोर. सँडीने पुढच्या वर्षी पुन्हा वल्हं हातात घेतलं.

२४ मार्च १९२३. सँडीचा एकविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. यावेळी ऑक्सफर्डची बोट मॉर्टलेकला पुढे होती, आणि ती फक्त पाऊण बोटीच्या अंतराने. बोटीची लांबी साधारण साठ फूट धरली, तर ६.८ किलोमीटर जीव तोडून वल्हं मारल्यावर मिळालेली आघाडी होती पंचेचाळीस फुटांच्या आसपास.

दहा वर्षांनी ऑक्सफर्ड जिंकलं होतं.

या विजयाने सँडीचं नाव झालं. त्याच उन्हाळ्यात मर्टन कॉलेजची एक मोहीम उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गन बेटावर निघाली. बर्फावरून स्लेज ओढायला दणकट माणसं हवी होती, आणि बोट रेसच्या गड्यापेक्षा दणकट कोण मिळणार? सँडीची वर्णी लागली. या मोहिमेत त्याची गाठ पडली ओडेलशी. मोटरसायकलवाला पोरगा तो हाच, हे तिथे उलगडलं.

बर्फात आठवडेच्या आठवडे स्लेज ओढताना ओडेल त्याला बघत होता. पोरगा थकत नाही, कुरकुरत नाही, मोडलेली वस्तू हातात दिली की नीट करून देतो. ओडेल १९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जाणार होता. त्याने सँडीचं नाव सुचवलं.

सँडीने हिमालय पाहिलाही नव्हता. चढाईचा अनुभव म्हणजे वेल्सचे डोंगर, स्पिट्सबर्गन आणि त्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडला जाऊन शिकलेलं स्कीइंग. मोहिमेतल्या बाकीच्या गड्यांसमोर हे काहीच नव्हतं. तरी निवड झाली. ताकद आणि यंत्राचा हात, या दोन गोष्टींवर.

२९ फेब्रुवारी १९२४ ला लिव्हरपूलहून कॅलिफोर्निया नावाची बोट निघाली. तिच्यात मॅलरी होता आणि सँडी होता. मार्चमध्ये ही बोट आपल्या मुंबईला लागली. तिथून रेल्वेने देश ओलांडून ते दार्जिलिंगला गेले आणि तिथून पायी तिबेटकडे.

इथे एक गंमत लक्षात घ्या. मॅलरी हा केंब्रिजचा माणूस. तोही कॉलेजच्या दिवसांत वल्हं मारायचा, आपल्या मॉडलिन कॉलेजच्या बोट क्लबचा कॅप्टन होता. म्हणजे थेम्सवर जे एकमेकांसमोर उभे ठाकले असते, ते एव्हरेस्टवर एका दोरीला बांधले जाणार होते.

त्या एप्रिलमध्ये लंडनला बोट रेस झाली तेव्हा सँडी तिबेटमधून एव्हरेस्टच्या बेस कॅम्पकडे चालला होता. बावीसावा वाढदिवसही तिथेच झाला. रेस केंब्रिजने जिंकली.

मोहिमेत सँडीकडे खातं आलं ऑक्सिजनचं. सिलिंडर गळत होते, नळ्या तुटत होत्या आणि पाठीवर घ्यायचा सांगाडा नको तितका जड होता. वाटेत तंबू पडला की सँडी अवजारांची पेटी उघडून बसायचा. त्याने पाइपांची मांडणी बदलली, नको ते भाग काढून टाकले आणि संच काही पौंडांनी हलका केला. शिवाय कुणाचा स्टोव्ह बिघडला, कुणाचा कॅमेरा अडकला, तर सगळे याच्याकडे. भारवाहकांना बर्फाची उभी कपार चढता यावी म्हणून दोरशिडी तयार करण्यातही त्याचा हात होता. ऊन आणि वाऱ्याने त्याच्या गोऱ्या चेहऱ्याची साल निघाली होती, गिळायलाही त्रास व्हायचा. काम थांबलं नाही.

४ जूनला मोहिमेचा प्रमुख नॉर्टन ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत जाऊन परत आला. आता शेवटचा एक प्रयत्न बाकी होता, आणि तो ऑक्सिजन घेऊन करायचा असं मॅलरीने ठरवलं. सोबत कुणाला घ्यायचं? ओडेल अनुभवी होता आणि त्या उंचीला चांगला रुळलाही होता. मॅलरीने निवडलं सँडीला. कारण वरती यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त करणारा माणूस तोच होता.

ही निवड बरोबर होती का, यावर आजही वाद होतात. बावीस वर्षांच्या नवख्या पोराला तिथे न्यायला नको होतं, असं म्हणणारे आहेत. पण ऑक्सिजनशिवाय जमणार नाही हे मॅलरीला पटलं होतं, आणि तो ऑक्सिजन चालता ठेवणं सँडीशिवाय अवघड होतं. दोन्ही बाजूंना दम आहे.

८ जून १९२४. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी खालून येणाऱ्या ओडेलला ढग बाजूला झाल्यावर कड्यावर दोन काळे ठिपके वर सरकताना दिसले. मग ढग पुन्हा आले. त्यानंतर दोघांना कुणी जिवंत पाहिलं नाही.

ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये दोघांसाठी प्रार्थनासभा झाली, तिला खुद्द राजा पाचवा जॉर्ज हजर होता. मर्टन कॉलेजच्या आवारात सँडीचं स्मारक उभं राहिलं.

मग पुरावे येत गेले, तेही दशकांच्या अंतराने. १९३३ साली कड्याजवळ एक आइस ॲक्स सापडली, ती सँडीची होती असं मानलं जातं. १९९९ साली मॅलरीचा मृतदेह सापडला. कमरेला दोरीचा काच बसल्याच्या खुणा होत्या, म्हणजे पडताना दोघं एका दोरीत असावेत. २०२४ ला सँडीचं पाऊल मिळालं. त्यांच्याकडे होता तो छोटा कोडॅक कॅमेरा मात्र अजून हाती लागलेला नाही. त्यात माथ्यावरचा फोटो असेल, या आशेवर लोक आजही तो शोधतात.

तो कॅमेरा सापडेल तेव्हा सापडेल. तोवर सँडी आयर्विनच्या खात्यावर एव्हरेस्टसमोर प्रश्नचिन्हच राहणार.

बोट रेसच्या नोंदीत मात्र प्रश्नचिन्ह नाही. १९२३, विजेता ऑक्सफर्ड, अंतर पाऊण बोट. आणि त्या विजयाची किंमत नंतरच्या वर्षांनी वाढवली. १९२४ पासून १९३६ पर्यंत सलग तेरा वर्षं केंब्रिज जिंकत राहिलं. ऑक्सफर्डला पुढचा विजय मिळाला १९३७ साली.

म्हणजे १९१३ नंतरच्या तेवीस वर्षांत ऑक्सफर्डची एकच बोट जिंकली, आणि त्या बोटीत सँडी होता.